अप्पांची समोरची खुर्ची

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला चक्क अडकवून ठेवलं होतं. एकटीला नाही, काळ्या-पिवळ्या जीपमधल्या आम्हा सगळ्यांनाच. लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला मी नुकतीच लागले होते. आठवडाभर लातूर आणि शनिवारी संध्याकाळी घरी नांदेडला, असं माझं चालायचं. त्या शनिवारी एसटी चुकली म्हणून जीपमध्ये बसले. मागच्या बाकांवर माणसांच्या मांडीवर माणसं होती. गाव सोडायच्या आधी ड्रायव्हर म्हणाला, "जरा लाईट दाखवून येऊ," आणि जीप त्यानं एका दाळमिलच्या जुन्या गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली.

तेवढ्यात पाय मोकळे करावेत म्हणून आम्ही उठलो, तर एक उंच माणूस दोन्ही हात पसरून मागच्या दाराशी आडवा आला. कपाळावर भस्माचे पट्टे, त्या पट्ट्यांवर सरकवलेला चष्मा आणि शर्टच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर.

"कुणीबी उतरायचं न्हाई! बसा जागच्या जागी!"

"अहो, उकडायलंय की," माझ्या शेजारची बाई म्हणाली.

"उकडू द्या, माय. तुम्ही उतरलाव की मागचं हलकं होतंय आन गाडीचं नाक खाली येतंय. नांदेडला काय रिकामी जाणार हाय का ही?"

गाडीचा रस्त्यावरचा उजेड नीट बसवायचा तर गाडी रस्त्यावर जशी असते तशीच हवी, हे त्यांचं म्हणणं. इतकं सरळ होतं, पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. आम्ही घाम पुसत बसून राहिलो.

समोर गोदामाची चुन्यानं रंगवलेली भिंत होती. तिच्यावर छातीच्या उंचीला निळीनं एक आडवी रेघ मारलेली. आणि भिंतीला टेकून एक लोखंडी खुर्ची. त्या खुर्चीत एक किडकिडीत माणूस जीपच्या दिव्यांकडे तोंड करून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा बसला होता. अप्पांनी दिवे लावले.

"लागायलं का, बाबूराव?"

"लागायलं."

म्हणजे डोळ्यांना लागतंय. अप्पांनी दिव्यामागचा नट फिरवला.

"आता?"

"लागायलं."

असं बराच वेळ चाललं. बाबूरावांना काही घाई नव्हती. एकदा तर त्यांनी मध्येच बिडी पेटवली, आणि अप्पा पाना हातात धरून तिच्या पहिल्या झुरक्याची वाट पाहत उभे राहिले. शेवटी कधीतरी खुर्चीतून आवाज आला, "न्हाई लागत." अप्पांनी बॉनेटवर थाप मारली आणि आमची सुटका झाली.

नांदेडपर्यंत मी एकच विचार करत होते. कामधंदा म्हणून रोज संध्याकाळी गाड्यांच्या दिव्यांकडे बघत बसणारा हा माणूस कोण?

मला ते कळायला वर्ष गेलं, कारण पुढच्या वर्षी आमच्या क्लासनं ते गोदामच विकत घेतलं. तेव्हा लातुरात क्लास वाढत होते. कालपर्यंत तूरडाळ साठवलेल्या खोल्यांत फळे लागत होते, आणि बाहेरगावच्या पोरांच्या ट्रंका घरोघरच्या माळवदांवर चढत होत्या. आमचे मोरे सर भौतिकशास्त्र शिकवायचे, क्लासही त्यांचाच. सकाळी लातूर, संध्याकाळी नांदेडची शाखा, अशी त्यांची रोजची रपेट. त्यांनी गोदाम घेतलं तरी अप्पांना उठवलं नाही. कोपऱ्यातलं पत्र्याचं दुकान तसंच राहू दिलं. आणि शिक्षकांच्या खोलीची खिडकी नेमकी त्या अंगणावर उघडत होती, त्यामुळे पेपर तपासण्यातलं माझं लक्ष कायमचं उडालं.

दिवसा अप्पा वायरिंग करायचे. जुन्या जीपला जास्तीचे दिवे लावायचे झाले, तर कुठल्याही दुकानात हेडलाईटच्याच वायरीला पीळ मारून जोड देत आणि वरून चिकटपट्टी गुंडाळत. चार दिवसांत स्विच वितळायचा आणि गाडी अप्पांकडे यायची. अप्पा पीळ सोडवून वायर नाकाला लावायचे. "हे जळून लई दिवस झाले," किंवा "हे कालचंच हाय," असं सांगायचे आणि मग ज्यानं तो जोड दिला असेल त्याचा उद्धार सुरू व्हायचा. स्वतः ते बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणायचे, मध्ये फ्यूज, मग रिले, मग दिवे. रिले म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं.

"सासू आन सून," अप्पा म्हणाले. "स्विच म्हंजे सासू. तिनं नुसतं सांगायचं. भार सगळा सुनंवर. लोकं काय करायलेत, सासूच्याच डोक्यावर हंडा द्यायलेत. मंग जळणार न्हाई तर काय!"

घरी त्यांच्या बायकोसमोर त्यांनी हे उदाहरण दिलं असेल असं मला वाटत नाही.

नम्रपणा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. "माझ्यासारखा जोड सोलापूरपस्तोर कुणी देत न्हाई," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. इन्सुलेशन दातानं सोलायची सवय होती, त्यात पुढच्या दाताचा तुकडा गेला होता, आणि त्या दाताबद्दलही त्यांना अभिमान होता. निळसर उजेडाचे बल्ब कुणी आणले की बघायलाच तयार नसत. "मढ्यावर टाकल्यासारखा उजेड हाय हा," म्हणायचे आणि तोंड फिरवायचे.

पण त्यांची खरी हौस वेगळीच होती. दिवस कलल्यावर अप्पा कधी गाडीत बसत नसत. अंधारातला एकही रस्ता त्यांनी पाहिला नव्हता, आणि तरी सगळे रस्ते त्यांना माहीत करून घ्यायचे होते. आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते खोदून खोदून विचारायचे. निलंग्याच्या रस्त्याला वळणावर दगड रंगवले का? मांजरेच्या पुलावर धुकं कुठवर येतं, चाकापर्यंत का काचेपर्यंत? धर्माबादहून मिरची आणणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यांनी विचारलं, "कोल्ह्याचे डोळे हिरवे दिसतेत का पिवळे?"

"पिवळेच. कालच बघितले ना मी," तो म्हणाला.

"किनवटवाला तर हिरवे म्हणायलाय."

यावर दोघांचा चहा थंड होईपर्यंत वाद झाला. मग प्रकरण माझ्याकडे आलं. मी खिडकीत होते, अप्पांनी खालूनच हाक मारली. "मॅडम, जनावराचे डोळे उजेडात चमकतेत, मंग माणसाचे कामून चमकत न्हाईत?"

मी खाली उतरून सांगितलं. काही जनावरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, आत आलेला उजेड तो परत फेकतो. कुठल्या बाजूनं बघतो त्यावर रंगही थोडा बदलतो, म्हणजे ट्रकवालाही खरा आणि किनवटवालाही खरा. माणसाच्या डोळ्यात तो थर नसतो. अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांना फार आनंद झाला होता, पण लगेच चेहरा बदलला.

"असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "बाबूराव दिसला असता."

खुर्चीतून बाबूराव म्हणाले, "आता काय उपयोग! सांगा, सांगा मॅडमला. न्हाईतर मीच सांगतो."

आणि त्यांनीच सांगितलं. अप्पा जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे राहिले आणि पूर्ण वेळ बाहेर आले नाहीत.

बाबूराव हे अप्पांचे मेव्हणे, म्हणजे बायकोचे धाकटे भाऊ. किल्लारीकडं भूकंप झाला त्यानंतरच्या दिवसांत लातुरात मदतीच्या गाड्यांची रीघ लागली होती. आधी धूळ, मग पाऊस. साध्या दिव्यांत समोरचं काही दिसेना, म्हणून ज्याला त्याला फॉग लाईट पाहिजे होते. धुळीत किंवा धुक्यात उजेड वर टाकला की तो तिथूनच परत येतो आणि नुसता पांढरा पडदा दिसतो. तो खाली, चाकापुढं पसरावा लागतो, म्हणून हे दिवे बुडाशी बसवतात. अप्पांनी जेवण-झोप सोडून दिवे बसवले, हातात पान्याचे घट्टे पडले. रिकामी जीप यायची, भिंतीसमोर उभी राहायची, अप्पा रेघेखाली उजेड मोजून घ्यायचे आणि जीप सोडायचे. मग तीच जीप पुढं जाऊन धान्याची पोती, पत्रे आणि वर माणसं भरायची. मागून दबायची. नाक वर व्हायचं.

"मी सायकलवर होतो," बाबूराव म्हणाले. "दिवस मावळायलता. बहिणीच्या सासूला भाकरी घिऊन चाललो होतो दवाखान्यात. समोरून जीप आली. नुसता उजेड बगा, मॅडम. रस्ता न्हाई, जीप न्हाई. मी कडंला घेतलं तर कडच न्हाई, मोरीचा खड्डा होता तिथं. गाडीनं धक्काबी दिला न्हाई मला. त्याला तर कळलंबी नसंल."

खुबा मोडला. पाय आखडला तो आखडलाच.

"आता बोला, चिडावं कुणावर? माणूस दिसला असता तर शिव्या तरी दिल्या असत्या. दिसलंच न्हाई ना कुणी."

"पण दिवे अप्पांचेच, हे कसं कळलं?" मी विचारलं.

बाबूराव हसले. "खालचे दोन लाईट हो. एक पिवळा आन एक पांढरा. म्हेवण्याकडचे पिवळे संपले होते त्या दिवशी. तसली जोडी दुसऱ्या कुणाची असणार?"

दवाखान्यात बाबूरावांनी एवढंच सांगितलं, 'एक पिवळा होता, एक पांढरा,' आणि अप्पा उठून बाहेर गेले होते. त्यानंतर खुर्ची आली. बाबूरावांची सायकलवरची नजर जितक्या उंचीवर होती तितक्या उंचीवर ती बसवून घेतली, चारही पायांखाली विटा देऊन. गाडी भरलेली पाहिजे आणि बाबूराव 'न्हाई' म्हणाले पाहिजेत, त्याशिवाय दुकानातून एकही गाडी सोडायची नाही, असं अप्पांनी मेव्हण्याला वचन दिलं होतं. गाडी भरायला माणसं कमी पडली की अप्पा आमच्या क्लासच्या पोरांना बोलवायचे. मेंडेलचे नियम पाठ करणारी पोरं हसत-खिदळत कुणाच्याही जीपमध्ये चढून बसायची.

"माफ केलं का तुम्ही अप्पांना?" मी जाता जाता विचारलं.

"बसून खायाला मिळायलंय, मॅडम," बाबूराव म्हणाले. "कशाला माफ करू?"

बॉनेटखालून अप्पांचा खोकल्यासारखा आवाज आला.

त्या उन्हाळ्यात आमचा निकाल जोरदार लागला. बोर्डात आलेल्या पोरांची तोंडं भिंतीवर रंगवायची, असं मोरे सरांनी ठरवलं आणि पेंटर शिडी घेऊन आला. मला वाटलं, आता अप्पांची भिंत गेली. अप्पा सरांकडे आले, पण भांडायला नाही.

"सर, पोरं वर लावा. वरचीच हाईत ती. रेघंखालचं मला ठिवा."

सरांना हे आवडलं. रेघेच्या वर पोरांचे चेहरे आले. पहिली आलेली उमरीची मुलगी अगदी मध्ये. पेंटरनं तिचे डोळे चांगले टपोरे काढले होते. आणि महिनाभरात अप्पांनी त्या डोळ्यांनाही कामाला लावलं. दिवे लागले की ओरडायचे, "उजेड पहिलीच्या डोळ्यात चाललाय, खाली घ्या!" निळीची रेघ पुसट होत गेली तरी त्यांचं अडेना. ती मुलगी पेढे द्यायला आली तेव्हा एका भरलेल्या जीपनं तिचा चेहरा लख्ख उजळला होता. ती लाजून पदरानं घाम पुसणाऱ्या आईमागं लपली. अप्पा तिला म्हणाले, "बाळ, तुझ्यामुळं लई लोकांचे डोळे वाचायलेत."

मग सरांनी गाडी घेतली. नवी कोरी, उंच, काळी एसयूव्ही. अशा गाड्या तोवर पुढाऱ्यांकडेच असायच्या. नांदेडहून परत यायला त्यांना रोज अंधार व्हायचा. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या. सरांची भीती खरी होती, ते मी इथं स्पष्ट सांगते. त्यांना पुढचं लांबपर्यंत दिसायला हवं होतं. बंपरवर मोठे फॉग लाईट, हेडलाईटचे बल्ब दुप्पट ताकदीचे, असं सगळं त्यांनी आणून अप्पांसमोर ठेवलं.

अप्पांनी दोन दिवस मन लावून वायरिंग केलं. जाड वायर, दोन रिले, वेगळे फ्यूज, प्रत्येक जोड कथलाचा डाग देऊन पक्का. सरांनी शाबासकी दिली. दिवेलागणीला पोरं मागं बसवली, पुस्तकांचे गठ्ठे चढवले आणि बाबूराव खुर्चीत बसले.

"लागायलं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. अप्पांनी उजेड उतरवत उतरवत रेघेखाली आणला.

"एवढा खाली नको," सर म्हणाले. "मला फक्त चाकापुढचं बघायचं नाही. वर घ्या. पहिलीच्या कपाळापर्यंत घ्या."

"न्हाई जमणार, सर."

"अप्पा, रस्त्यावर मी असतो, तुम्ही नसता."

अप्पांनी पाना खाली ठेवला. "एकदा खुर्चीत बसून बघताव का?" त्यांनी विचारलं.

सर बसले, हे मला आजही आठवतं आणि त्यांच्याबद्दल बरं वाटतं. अप्पांनी दिवे सरांना हवे होते तितके वर केले आणि गाडीपाशी उभं राहून विचारलं, "मी दिसायलो का, सर?"

"नाही." सरांनी हात डोळ्यांवर धरला होता.

"समोरच्याला आपण दिसाय पाहिजेत, सर. तो बाजूला कुणीकडं होणार न्हाईतर?"

सर उठले. पँट झटकली. ते चिडले नव्हते, आणि त्यामुळंच पुढचं बोलणं जास्त लागलं. "अप्पा, तुमचं खरं आहे. पण मी खुर्चीत नसतो. मी गाडीत असतो. माझ्या घरी दोन पोरी आहेत." आणि मग, जरा हळू आवाजात, "ही जागाही माझीच आहे, हे लक्षात घ्या."

अंगणात पोरं होती, मी होते, बाबूराव होते. बाबूरावांनीच तोंड उघडलं. "म्हेवणे, लागत न्हाई म्हणतो मी. सोडा गाडी. भिंत जाईल."

म्हणजे बाबूराव त्यांना वचनातून मोकळं करायला तयार होते. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बॉनेट उघडलं, नव्या दिव्यांचे फ्यूज काढले आणि सरांच्या हातात दिले.

"वायरिंग तुमचं. ते कुठं जळायचं न्हाई. हे फ्यूज दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या, आन लाईटबी त्यालाच वर करायला सांगा. माझ्या हातानं न्हाई."

पावसाळ्याच्या आधी अंगणात पोरांच्या सायकलींसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. सरांनी अप्पांना जा म्हटलं नाही, दुकानही पाडलं नाही. पण भिंतीसमोर गाडी उभी करायला जागाच उरली नाही, आणि अप्पांचं दुकान म्हणजे ती जागाच होती. एके सकाळी खिडकीतून पाहिलं तर पत्र्याच्या दुकानाला कुलूप होतं. खुर्चीखालच्या विटा मात्र तिथंच राहिल्या होत्या.

मी पुढं नांदेडलाच शिकवू लागले. लग्न झालं, पोरं झाली. बऱ्याच वर्षांनी आम्हीही एक मोठी गाडी घेतली आणि नांदेडच्या एका दुकानात तिला झगझगीत एलईडी फॉग लाईट बसवून घेतले. मला रस्ता सुरेख दिसू लागला. समोरून येणारे मात्र सारखे डिपर मारत होते. आधी मला वाटलं, लोक उगाच घाई करतात. मग एका संध्याकाळी एका सायकलवाल्यानं डोळ्यांवर हात धरलेला पाहिला, आणि मोरे सर त्या खुर्चीत कसे बसले होते ते आठवलं.

दिवाळीत सगळं घर घेऊन लातूरला चाललो होतो. विचारत विचारत अप्पा सापडले. गावाबाहेर एका शेतातल्या बोअरच्या खोलीला त्यांनी चुना लावून घेतला होता आणि निळीनं रेघ मारली होती. खोलीच्या सावलीत दोन जीप वाट बघत होत्या. अप्पा वाकले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, भस्माचे पट्टे तेवढे ठसठशीत होते. त्यांनी मला ओळखलं.

"या मॅडम! कोल्ह्याचं तुम्ही सांगितलं ते मी समद्यास्नी सांगतो."

"बाबूराव?" मी विचारलं.

"गेला की. पोळ्याच्या आधी." आणि पाना पुसत म्हणाले, "शेवटपस्तोर माफ केलं न्हाई बगा त्यानं. रोज बिडी मागायचा आन बसायचा."

हे सांगताना ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

दिवस मावळला. सासूबाई गाडीतून उतरायला लागल्या तसा ओळखीचा आवाज आला, "कुणीबी उतरायचं न्हाई!" मी मात्र उतरले. अप्पांनी पाना माझ्या हातात दिला, कुठला नट फिरवायचा ते दाखवलं आणि स्वतः काठी टेकत भिंतीकडं चालू लागले. भिंतीशी तीच लोखंडी खुर्ची होती. खाली नव्या विटा होत्या.

"आता हितं मीच बसतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणावर माझा भरोसा न्हाई."

मी दिवे लावले. खुर्चीत बसलेले अप्पा त्या उजेडात पांढरे पडले आणि त्यांनी डोळे मिचकावले.

"लागायलं."

मी पाना फिरवला.

"लागायलं. आजून."

मी पुन्हा फिरवला. उजेड त्यांच्या कपाळावरून, भस्माच्या पट्ट्यांवरून, चष्म्यावरून हळूहळू खाली उतरला. छातीवर आला, मग गुडघ्यांवर. त्यांचा चेहरा संध्याकाळच्या साध्या उजेडात परत आला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या 'न्हाई'ची वाट बघत पाना धरून उभी राहिले.

"हां," अप्पा म्हणाले. "आता दिसायलात, मॅडम."